ऋण कसलं?

'नाइट क्राइज' या ऑस्ट्रेलियन लघुपटातली आदिवासी मुलगी दत्तक आईचं ऋण फेडतेय, हे त्यावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. ट्रेसी मॉफट यांच्या या लघुपटात ती म्हाताऱ्या गोऱ्या आईला भरवते, तिचे पाय धुते, पण चेहऱ्यावरचा वैताग लपत नाही. आणि आई गेल्यावर तीच शेजारी अंगाचं मुटकुळं करून पडते. माया खरी, कोंडमाराही तितकाच खरा.

मी स्वतः दत्तक आहे. "नशीबवान आहेस, जाण ठेव" हे ऐकतच वाढले. पण मला कुणी हिसकावून आणलं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात मात्र १९१५च्या कायद्यानं सरकारी मंडळाला आदिवासी मुलं कोर्टाच्या आदेशाविना उचलून नेता येत. २००८ साली तिथले तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली ती याचसाठी. त्या मुलीच्या जन्मदात्या आईचा मात्र लेखात साधा उल्लेखही नाही!