सवलत त्यांची, खिसा आमचा

जळगावात भरीत-पुरीचे छोटे हॉटेल चालवताना दर आठवड्याला एकाच गोष्टीने डोके भणभणते. घरपोच सेवा देणाऱ्या ॲपवर आमच्या शेवभाजीसमोर सवलत ठळकपणे झळकते; हिशेब हाती येतो तेव्हा मात्र त्या सवलतीचा मोठा वाटा, कमिशन आणि कमिशनवरचा १८ टक्के जीएसटी हे सारे आमच्याच रकमेतून वजा झालेले असते. नोव्हेंबर २०१७ पासून आमच्यासारख्यांना ५ टक्के कर लागू आहे खरा, परंतु त्यात इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट, मिळत नसल्याने कमिशनवर किंवा १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर भरलेला कर कायमचा बुडतो. एवढे होऊनही, पार्सल महाग का, हा प्रश्न ग्राहक आम्हालाच विचारतो!

खरे तर संधी दाराशी उभी आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून, ती हाताने ठेचून केलेल्या भरितासाठी हिवाळ्यात लोक लांबून येतात. या मेहनतीचे मोल आम्ही ठरवायचे की परस्पर सवलत लावणाऱ्याने? निदान आम्हाला विचारल्याशिवाय आमच्या पदार्थाचा भाव पाडू नका.