‘बसून’ या शब्दाविषयी: एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘खानापुरात बसून लिहिलेली पुस्तकी माहिती. ऑनलाइन नावाच्या फाइलमध्ये 1 लिहिला की लिनक्स प्रोसेसर सुरू करते. फर्मवेअरचा संबंध काय?’ ही चालू मशीनला नवा प्रोसेसर जोडण्याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. एसीपीआयची, म्हणजे फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या नियमांची, पहिली आवृत्ती मी 1997 ची म्हटली होती. ती डिसेंबर 1996 ची, ही आपली दुरुस्ती मान्य करून लेखात बदल केला आहे. ‘बसून’ हा शब्द मात्र मान्य नाही. बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्याचे सर्व्हर मी अकरा वर्षे सांभाळले, आणि तेही खानापूरहून रोज ये-जा करून.

आता आपला तो 1. तो ज्या फाइलमध्ये लिहायचा ती फाइल आली कुठून, हा प्रश्न आपल्याला पडला नाही याचे नवल वाटते. मशीन सुरू होतानाच फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्येच भरलेला प्रोग्राम, एमएडीटी नावाचा प्रोसेसरांचा तक्ता ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देते. त्यात हजर प्रोसेसरांबरोबर पुढे येऊ शकणाऱ्यांच्याही नोंदी असतात, आणि त्या सर्वांसाठी लागणारी मेमरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तेव्हाच राखून ठेवतो. पंगतीत पान आधी मांडलेले असते, माणूस मागाहून येतो. नवा प्रोसेसर आला की एक इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारा इशारा, उठतो. फर्मवेअरनेच पुरवलेला एएमएल (एसीपीआयच्या भाषेतला) कोड कर्नल चालवतो, तो कोड कोणत्या जागी बदल झाला ते कळवतो, आणि मग कर्नल त्या प्रोसेसरची स्थिती व त्याचा एपिक क्रमांक, म्हणजे त्याची ओळख, विचारून घेतो.

काल क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामवर 2 प्रोसेसर आणि कमाल 4 असे सांगून मी मशीन चालू केली. ‘पॉसिबल’ या फाइलमध्ये 0-3 असे दिसत होते, पण ‘सीपीयू2’ हे फोल्डर नव्हते. तिसरा प्रोसेसर जोडताच ते उमटले आणि त्यातल्या ऑनलाइन फाइलमध्ये 0 होता. आपले ज्ञान इथून पुढे सुरू होते.

शुद्धलेखनाविषयीचे आपले टोमणे आणि इतर शेरे यांना उत्तर देण्याचे कारण दिसत नाही.

कारखान्यात एकदा ही कमाल संख्या द्यायला मीच विसरलो होतो. पगाराच्या रात्री काम तुंबले, तेव्हा तक्त्यात रिकामी नोंदच नसल्यामुळे तिसरा प्रोसेसर जोडता येईना. मशीन बंद करावी लागली, पगार दुसऱ्या दिवशी दुपारी झाले, आणि हिशेब विभागाची बोलणी मी उभ्याने खाल्ली.