टॉर्चला लॉगिन नाही

'तंत्रज्ञानाचा वापर : असमाधानकारक.' माझ्या तासाला हा शेरा मिळालाय, लेखी, आणि खाली सहीसुद्धा माझीच घेतली.

पाठ चंद्रकलांचा. पडद्यावर ॲनिमेशन झकास फिरत होतं, मुलं झकास बघत होती, आणि पृथ्वीची सावली पडते म्हणून कला दिसतात, ही त्यांची समजूत होती तिथंच घट्ट बसलेली. शेवटी पडदा बंद केला, वर्गात अंधार केला, टॉर्च लावली आणि एका मुलीला हात लांब करून चेंडू धरायला लावला. तुझं डोकं म्हणजे पृथ्वी, फीर स्वतःभोवती. अर्ध्या फेरीतच ती ओरडली, "बाई, सावली नाहीये! अर्धा चेंडू कायम उजळलेलाच आहे!" टॉर्चकडे पाठ झाली तेव्हा मात्र डोक्याची सावली चेंडूवर पडली. लगेच मागच्या बाकावरून, "मग दर पौर्णिमेला ग्रहण का नसतं?" तिनं चेंडू जरा वर धरला, सावली हुकली. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असते, हे मी फक्त नावापुरतं सांगितलं.

मूल्यमापक साहेब टॅब्लेट घेऊन कोपऱ्यात बसले होते.

"मॅडम, पडदा किती मिनिटं चालू होता?"

"लागला तेवढा."

"इथं आकडाच टाकावा लागतो."

"मग टॉर्च धरा ना, सर."

त्यांनी टॉर्च उलटसुलट करून पाहिली. "हिला लॉगिन आहे?"

"बटण आहे."

"डेटा कुठं जातो?"

"उजेड जातो. समोर."

हे त्यांनी खरोखर टाइप केलं. ॲपनं घेतलं नाही.

"बरं, चेंडू परस्परसंवादी आहे का?"

"भिंतीवर मारला तर परत येतो."

मग त्यांनी वर्गातला तंत्रज्ञानाचा वापर जोखणारी, शिक्षणतज्ज्ञ पुएन्तेदुरांची चार पायऱ्यांची शिडी काढली. जुनंच काम नव्या साधनानं केलं तर पहिली पायरी, आणि साधनाशिवाय जे जमलंच नसतं ते केलं तर चौथी. "तुम्ही ॲनिमेशनवरून चेंडूवर आलात, म्हणजे खाली उतरलात," साहेब खऱ्याखुऱ्या काळजीनं म्हणाले, "आणि उणे पायरी फॉर्ममध्ये नाही." माणूस वाईट नाही हो. टॅब्लेट हातात नसता तर त्यांनीही चेंडू धरून बघितला असता.

ही घाई आजची नाही म्हणा. शाळेतली पुस्तकं आता लवकरच बाद होणार, सिनेमा शिकवणार, असं एडिसननं १९१३ मध्येच सांगून टाकलं होतं. १९८३ मध्ये शिक्षणसंशोधक रिचर्ड क्लार्कनं उलट बजावलं की शिकवण्याचं माध्यम म्हणजे नुसता वाणसामान पोचवणारा ट्रक. ट्रक बदलला म्हणून जेवणाचा कस बदलत नाही. यावर अभ्यासकांचं भांडण पुष्कळ झालं. आमचा फॉर्म मात्र अजून ट्रकचे किलोमीटरच मोजतोय. पाठाआधी मुलांना काय वाटत होतं, नंतर काय वाटू लागलं, हे विचारणारा एकही रकाना त्यात नाही. ग्रहणाचा प्रश्न कुठं लिहू म्हटलं, तर साहेबांनी 'इतर' दाखवलं. ऐच्छिक.

आता मला 'सुधारणा आराखडा' भरायचाय. पहिलाच रकाना 'साधन', तो भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि यादीत टॉर्च नाही. पाठ कोणता, हे दुसऱ्या पानावर विचारतात.