जायफळाचं रोप पानावरून उपटू नका

पावसाळा तोंडावर आला की गोव्यातल्या फोंडा-सत्तरीकडच्या बागायतदारांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. ‘जायफळाचं रोप वर्षाचं झालं की पान बघा. पान रुंद, फांद्या आडव्या तर मादी. पान निमुळतं, फांद्या उभ्या तर नर. गोल बी मादीचं, लांबट बी नराचं. नर रोपं उपटून टाका, त्यांचा काही उपयोग नाही.’ यंदा मला तो तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाने रोपं उपटूनही टाकली होती, म्हणून लिहायला बसलो.

जायफळाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि फळ मादीला धरतं, म्हणून ही सगळी घाई. आधी बियांचं. जायफळाचं टणक कवच आईच्या झाडाच्या पेशींचं असतं, आतल्या गर्भाचं नव्हे. त्यामुळे बी गोल की लांबट, यावरून आई कशी आहे ते कळेल. पोटातलं रोप नर की मादी, हे त्या आकारात नाहीच.

पानाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोक फसतात ते इथेच. एकाच झाडाचं पोफळीच्या दाट सावलीतलं पान आणि उन्हातलं पान शेजारी ठेवून बघा, दोन झाडांची वाटतील. सावलीतलं रोप उजेडाकडे धावतं, मोकळ्यावरचं पसरतं. खत-पाण्यानेही पान बदलतं. संशोधकांनी पानाचा आकार, शिरा, कोवळ्या फुटव्याचा रंग, रोपाचा जोम, पानातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, सगळं तपासून पाहिलं. भरवसा ठेवावा अशी एकही खूण हाती लागली नाही.

‘पण आमच्याकडे बरोबर आलं!’ असं सांगणारे असतात. ते खोटं बोलत नाहीत. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, म्हणजे डोळे मिटून सांगितलं तरी निम्म्या वेळा बरोबर येणारच. आणि जे रोप ‘नर’ म्हणून उपटलं, ते खरंच नर होतं का, हे कधीच कळत नाही. आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, वडिलांनी आठ रोपांतली चार अशीच उपटली होती. राखलेल्या चारांना सात वर्षांनी फुलं आली, त्यातली दोन नर निघाली. उपटलेल्या चारांत मादी किती होत्या, कोण सांगणार? वडिलांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं.

खरी ओळख फुलावर, आणि ते यायला सहा-आठ वर्षं लागतात. नराची फुलं झुबक्याने येतात, मादीची एकटी-दुकटी. फूल उघडून पाहिलं की मधे बीजकोश दिसतो की पुंकेसरांचा दांडा, यावर निकाल. तोही पहिल्याच बहरात पक्का धरू नका. सुरुवातीला नर फुलं देणारी काही झाडं पुढे थोडी फळंही धरतात.

नर निरुपयोगी, हे तर साफ चूक. परागकण नराकडूनच येतात. दहा माद्यांमागे एक नर राखायची शिफारस आहे. जास्तीचे नर असतील तर तेही मुळासकट काढू नका. खोड छाटून नव्या फुटव्यांवर मादी झाडाचा डोळा (फांदीवरचा कोंब) बसवून कलम करता येतं. मुळं जुनी, जोम तयार, फळ लवकर.

ज्याला सात वर्षांचा जुगार नको, त्याने खात्रीच्या मादी झाडाचं कलम लावावं. चौथ्या-पाचव्या वर्षी फळ दिसू लागतं. मात्र घेताना रोपवाटिकेत विचारा, काडी उभ्या शेंड्याची की आडव्या फांदीची? आडव्या फांदीचं कलम झाड होऊन वर जात नाही, झुडपासारखं पसरतं, आणि पोफळींच्या दोन ओळींमधे तेवढी जागा नसते.