साक्याचं मूळ जनुकांत सापडेल का?

हापूस आंब्याच्या जनुकीय नकाशावर, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकांच्या मांडणीवर, आलेला एक लेख दोनदा वाचला. देवगडजवळ आमची कलमांची बाग आहे, त्यामुळे विषय घरचाच. २०२० साली चिनी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला आंब्याचा जनुकीय आराखडा आपल्या हापूसवरूनच केलेला होता, हे लेखात यायला हवं होतं. गुणसूत्रांच्या २० जोड्या, डीएनएची जवळपास ४० कोटी अक्षरं.

माझा जीव अडकलाय तो साक्यात, हापूसच्या फळात आतून होणाऱ्या बिघाडात. फळ वरून देखणं, वासही घमघमीत, आणि कापलं की कोयीजवळ पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. पेटी पाठवलेल्या माणसाचा फोन आला की पोटात गोळा येतो. उन्हाचा, तापलेल्या कातळाचा त्यात वाटा आहेच, पण त्याच उन्हात वाढलेल्या रत्ना आंब्यात साका नसतो. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. म्हणजे आईबापांपैकी नीलमकडून काहीतरी आलंय. ते नेमकं कुठलं जनुक, हे शास्त्रज्ञांनो, शोधा ना! संकराचं रोप फळावर यायला कितीतरी वर्षं जातात. पानाच्या तुकड्यात ते जनुक तपासून आधीच निवड करता आली तर एका पिढीचे कष्ट वाचतील.

आणि परसातले, पाणंदीकडेचे रायवळ तोडण्याआधी त्यांचेही नमुने घ्या. प्रत्येक झाड कोयीतून आलेलं, म्हणून प्रत्येकाची जनुकं वेगळी. आमच्याकडचे दोन गेल्या पावसात पडले, त्यांची चव आता कुठेच मिळणार नाही.