रंगावर हजारो उधळता, मग ब्रेकच्या नळीलाच कंजुषी का?

गाडी घरी बांधणाऱ्या पोरांचं मला मनापासून कौतुक आहे. सांगली, मिरज, कुपवाडच्या पट्ट्यात पत्रा कापणारा, पाइप वाकवणारा, लेथवर हवं ते काढून देणारा माणूस मिळतोच. देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून जीप उभी केली आणि तिच्या बदल्यात आनंद महिंद्रांनी २०२२ मध्ये नवी बोलेरो दिली, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलंय. हातात कला आहे आपल्याकडे. मग पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि वायरिंग म्हटलं की याच हातांना काय होतं?

काल मिरजेत एका पोराने बांधलेली अशीच एक बगी, म्हणजे छोटी हौशी गाडी, बघितली. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन मागे, टाकी आणि बॅटरी पुढे, पाइपची चेसिस, वर फायबरची बॉडी. मळ्यातल्या वाटेवरच पळवायची आहे, रस्त्यावर काढायची नाही, त्यामुळे तो वाद सोडा. रंग असा की तोंड दिसावं. खाली वाकलो आणि डोकं फिरलं. पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि स्टार्टरची जाडजूड केबल, तिन्ही गजऱ्यासारख्या एकत्र गुंफून केबल टायने चेसिसला बांधलेल्या. हा गजरा नेलाय कुठून? सायलेन्सरच्या पाइपाला जवळजवळ चिकटून. ज्याने हे काम केलं त्या फॅब्रिकेटरला विचारलं तर म्हणतो, "काय होत न्हाई ओ, चालतंय की!"

काय चालतंय? स्टार्टरच्या केबलला फ्यूज नसतो. ती चेसिसच्या कडेला घासून सोलली, की बॅटरीचा सगळा करंट तिथेच ठिणगी मारणार. त्या ठिणगीपासून बोटभर अंतरावर पेट्रोल. एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या इंजेक्शनच्या इंजिनाच्या लाइनला साधारण तीन बारचा दाब असतो. नळीला बारीक भोक पडलं तरी पेट्रोल ठिबकत नाही, फवारा उडतो. म्हणून पेट्रोल चेसिसच्या एका बाजूने न्यायचं, वायरिंग दुसऱ्या बाजूने. कुठे एकमेकांना ओलांडावंच लागलं तर वायर वर, पेट्रोल खाली, म्हणजे गळालं तरी थेंब वायरीवर पडत नाही. यात कसलं आलंय रॉकेट सायन्स?

आणि ती ब्रेकची नळी! फ्रिज-एसीवाल्याकडची तांब्याची नळी आणून लावलीय. हाताने वाकते, स्वस्त पडते, चकाकते. अरे, पण तांबं हादऱ्याने कडक होत जातं आणि एक दिवस फ्लेअरपाशी, म्हणजे जोडासाठी फाकवलेल्या टोकापाशी, तडकतं. जोरात ब्रेक दाबला की लाइनमधला दाब शंभर बारच्या घरात जातो. तिथे ब्रेकची म्हणून मिळणारी ४.७५ मिलिमीटरची स्टीलची नळी किंवा तांबं-निकेलची नळीच हवी, आणि तिला डबल फ्लेअर, म्हणजे फाकवलेली कड आत दुमडून दुहेरी केलेली. या गाडीवर सिंगल फ्लेअर मारलेला. मी टॉर्च धरून पाहिलं, फ्लेअरच्या कडेला केसाएवढी चीर आधीच दिसत होती. गाडी अजून एक फूटसुद्धा चाललेली नाही! त्यात सायलेन्सरची धग. ब्रेकचं डॉट ३ ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा ओढलेलं ऑइल १४० अंशाच्या आसपास उकळतं, डॉट ४ असेल तर १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल सरळ खाली बसतं. समोर उसाची ट्रॉली आडवी आली तर हा काय करणार, पाय टेकवून गाडी थांबवणार?

दुकानदारांचंही तेच. पेट्रोलची नळी मागितली की काळ्या रबराचं भेंडोळं पुढे सरकवतात, वर म्हणतात "पेट्रोलचीच हाय." नळीवर एक अक्षर छापलेलं नाही. इंजेक्शनच्या गाडीला एसएई जे३० आर९ असं छापलेली नळीच घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात साधं रबर फुगतं, मऊ पडतं, आतून सुटतं. क्लिपसुद्धा गुळगुळीत कडेचीच घ्या. खाचावाली पाण्याच्या नळीची क्लिप आवळली की रबर कापते.

वायरिंगचं तर बोलायलाच नको. घरातल्या फिटिंगची उरलेली वायर टाकलीय! जाड, मोजक्याच तारांची, हादऱ्याने तुटणारी. उरलेलं हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार जुडगा, २०१९ च्या पुरात बुडालेल्या गाडीतून काढलेलं. वरून झकास दिसतं. मी एका वायरीचं इन्सुलेशन सोललं, तर आत तांबं काळं पडलेलं, बोटाने चुरडलं की भुकटी. पाणी एकदा टोकातून शिरलं की तारांमधून आत आत चढत जातं, हे आमच्या सांगलीच्या माणसाला सांगायला लागावं? पत्र्यातून वायर जाते तिथे भोकाच्या कडेला बसवायची रबरी कडी, ग्रोमेट, नाही. मेन फ्यूज बॅटरीपासून चार हात लांब, म्हणजे मधल्या सगळ्या वायरीला फ्यूजचं संरक्षणच नाही. पेट्रोलच्या पंपाला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, गाडी उलटली तर पंप बंद करणारं काहीच नाही, तो आपला पेट्रोल ओतत राहणार.

सगळ्यात संताप कशाचा येतो, तर पैशाचं कारण पुढे करतात याचा. नळी-वायर चेसिसला पकडून ठेवणाऱ्या रबर लावलेल्या पी-क्लिपा, ग्रोमेट, फ्यूज, रिले, चांगली नळी, हे सगळं मिळून त्या रंगाच्या एका हाताएवढंही होत नाही. दर फूटभर एक क्लिप मारायची, बस. पण ती खाली असते, फोटोत दिसत नाही ना!

मी त्या पोराला सांगितलंय, बॅटरीची लग, म्हणजे केबलचं टोक, काढ, टाकी रिकामी कर आणि सगळ्या नळ्या-वायरी खाली उतरव. नव्या लाइनी टाकल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, चाक खाली लोंबकळू देऊन बघ, ब्रेकचा रबरी होज कुठे ताणतोय का, टायरला घासतोय का. मग एकाने पेडल जीव खाऊन दाबून धरायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवायचा, ओला झाला की गळती. त्या फॅब्रिकेटरला परत गाडीखाली शिरू द्यायचं नाही. आणि बाकीच्यांनो, मला गाडीचे फोटो पाठवताना बॉनेटचे पाठवू नका. जॅक लावून खालचे पाठवा.