‘जोडीनेच ठेवा’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा तो छोटा पाळीव प्राणी, एकेकटा आणि मोठ्या पिंजऱ्यात ठेवा असं मी लेखात लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. उत्तर मुद्दाम आज देतेय, निदान शब्द तरी जपून वापरले जातील म्हणून. तुम्ही लिहिलंत, ‘ताई, चार व्हिडिओ बघून ज्ञान पाजळू नका. हॅमस्टर एकटा ठेवणं म्हणजे क्रूरपणा. आमच्याकडे कायम जोडीच असते. पिंजरे मात्र भलेमोठे सांगताय आणि उन्हाळ्याबद्दल एक ओळ नाही.’ मतभेदाला माझी ना नाही. पण आधी ताई म्हणायचं आणि लगेच अक्कल काढायची, ही कुठली रीत? हेच तुम्हाला सरळ विचारता आलं असतं.

राहिले व्हिडिओ. माझी मुलगी तिसरीत होती तेव्हापासून आमच्याकडे हॅमस्टर आहेत, आता ती कॉलेजात जाते. एकेकाचं आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचं, तेव्हा किती आले नि गेले याचा हिशेब तुम्हीच करा. सोसायटीतली मंडळी गावाला जाताना आपले हॅमस्टर माझ्याकडेच सोडून जातात, ते काही व्हिडिओ बघून नाही.

गेल्या दिवाळीत असंच सिरियन जातीच्या हॅमस्टरचं एक जोडपं आलं. ‘दोघांचं फार प्रेम आहे हं,’ असं मालकीणबाई सांगून गेल्या. नराच्या पाठीमागचे केस रक्ताने चिकटलेले, एका कानाची कड कुरतडलेली. मादी सगळे दाणे गालांत कोंबून लाकडी घरात नेऊन टाकायची आणि त्या ढिगावरच झोपायची. हा बिचारा पाण्याच्या बाटलीपाशी जाळीला धरून. वेगळं केल्यावर तो भुशात खोल शिरला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. याला प्रेम म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

सिरियन हॅमस्टर मुळातच एकलकोंडा. 1930 साली सिरियातल्या आलेप्पो शहराजवळच्या एका बिळातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली, आज घरोघरी असलेले सिरियन बहुतेक त्यांच्याच वंशातले. त्या बिळातही मोठी अशी ती एकटीच होती. पिल्लं साधारण आठ आठवड्यांपर्यंत एकत्र नांदतात, पुढे एकमेकांच्या जिवावर उठतात. दुकानात एकावर एक झोपलेली दिसतात ती पिल्लंच असतात हो! बुटक्या जातींत, म्हणजे रोबोरोव्हस्की वगैरेंमध्ये, लहानपणापासूनची जोडी कधीकधी टिकते, हे मान्य. तेवढं श्रेय तुमचं. पण माझा लेख पहिल्यांदाच हॅमस्टर आणणाऱ्यांसाठी होता. त्यांनी रात्री दोन वाजता उठून मारामाऱ्या सोडवाव्यात अशी माझी मुळीच इच्छा नाही.

पिंजऱ्याचं कारण लेखात आहे. सिरियनला पळायला 28 सेंटिमीटरच्या आसपासचं चाक लागतं, लहान चाकात पाठ वाकडी होते, आणि एवढं चाक खेळण्यातल्या पिंजऱ्यात मावत नाही. पुन्हा वाचा. उन्हाळा असतो हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला मी काय सांगायचं? वेळ झाला की लिहीन त्यावरही.

तुमच्याकडे ‘कायम जोडी’ असते म्हणता. सिरियन मादी 16 दिवसांत विते, एका वेतात सात-आठ पिल्लं सहज होतात. ती सगळी जातात कुठे, तेवढं मात्र पुढच्या प्रतिक्रियेत जरूर लिहा.